आधी चावी, मग सामान

सामान हलवण्याच्या धंद्यात एक नियम आहे, आणि तो चिकटपट्टीनं आजवर शेकडो गिऱ्हाइकांना ऐकवला होता: नव्या घराची चावी हातात पडल्याशिवाय जुन्या घरातली खुर्चीसुद्धा उचलायची नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, सगळं झालंय, संध्याकाळी चावी मिळतेय. चिकटपट्टी हाताची घडी घालून उभा राहायचा. संध्याकाळी मिळतेय ना, मग संध्याकाळी बोलवा. असा हा खमक्या माणूस, आणि आज त्याचा स्वतःचा संसार ट्रकमध्ये खच्चून भरून रस्त्याच्या कडेला उभा होता, आणि चावीचा पत्ता नव्हता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

चिकटपट्टी हे त्याचं टोपणनाव. इतरांनी खोक्याला पट्टीचा एक फेरा मारला की हा वरून आणखी दोन मारायचा, कोपऱ्यांना वेगळे. पट्टीचा खर्च बघून कंपनीच्या मालकानंच हे नाव ठेवलं होतं आणि ते त्याच्या पट्टीसारखंच चिकटलं. त्या धंद्यात माणसाला दोन वाक्यं येत असली तरी जन्म निघतो. उचलताना म्हणायचं, बोटं सांभाळा. आणि नव्या घरात शिरल्यावर विचारायचं, कुठे ठेवू? ही दोन वाक्यं त्यानं इतक्यांदा म्हटली होती की बायको सांगायची, झोपेतसुद्धा म्हणतात.

मग असा माणूस चुकला कसा? तर जुन्या घरमालकानं घर विकलं होतं, नव्या मालकाचा रंगारी शिडी घेऊन सकाळीच दारात येणार होता, आणि कंपनीच्या मालकानं बरोबर आजच्या दिवसापुरता ट्रक फुकट दिला होता. संध्याकाळी तोच ट्रक परगावच्या फेरीसाठी हवा होता. त्यात एजंट म्हणाला, "झालंच समजा." या दोन शब्दांनी जगात जितकी माणसं रस्त्यावर आणली असतील तितकी सावकारांनीही आणली नसतील. चिकटपट्टीनं झालंच समजलं. त्यानं कपाटं गोधड्यांत गुंडाळली, भांडी भरली, रंगाऱ्याच्या हातात जुनी चावी ठेवली आणि निघाला. दोन चौक ओलांडले नाहीत तोच फोन वाजला.

"अहो, मालकांनी तुमचा क्रेडिट स्कोअर काढला," एजंट म्हणाला.

"मग?"

"मग काय. ते नाही म्हणतात."

"अहो, माझा ट्रक भरलाय."

"तो तुम्ही का भरलात?"

हा प्रश्न आजवर चिकटपट्टीच लोकांना विचारत आला होता.

ट्रक चालवत होता लांब्या, त्याचा कामावरचा जोडीदार. याला उंच कपाटाच्या वरच्या कडेला स्टूल लागत नसे. मागच्या बाकावर बायको बसली होती आणि तिच्या शेजारी सासूबाई, मांडीवर माशाची काचेची बरणी घेऊन. बरणीत एकच मासा होता, केशरी, आणि लांब्यानं ब्रेक मारला की पाणी हिंदकळून सासूबाईंच्या लुगड्यावर सांडत होतं. त्या पदरानं पुसत होत्या आणि काही बोलत नव्हत्या. एरवी सासूबाई गप्प बसल्या तर घरात ताप मोजायचं यंत्र शोधायचे. आज मात्र त्यांच्या गप्प बसण्याचं कारण सगळ्यांनाच माहीत होतं.

कारण त्या स्कोअरवरचा डाग त्यांच्या पोटच्या पोरानं पाडला होता.

चिकटपट्टीच्या मेहुण्याला आइस्क्रीमची गाडी घ्यायची होती. कल्पना वाईट नव्हती. मेहुण्याच्या कल्पना कधीच वाईट नसायच्या. पण त्याला कायमची नोकरी नव्हती, त्यामुळे बँक दारात उभं करेना. मग तो बहिणीच्या स्वयंपाकघरात आला, टेबलापाशी बसला आणि चिकटपट्टीला म्हणाला, भाऊजी, कर्ज तुमच्या नावावर घ्या, तुम्ही फक्त सही करा, हप्ते माझ्यावर सोडा. चिकटपट्टीनं चहा संपायच्या आत हो म्हटलं. एक उन्हाळा गाडी झकास चालली. मग थंडी आली, इंजिन बसलं, आणि मेहुण्यानं फोन उचलायचं बंद केलं. हप्ते थकले, दंड चढला, बँकेची माणसं कंपनीच्या फाटकापर्यंत आली. चिकटपट्टीनं पुढे जादा फेऱ्या मारून, पाठीचा कणा मोडून सगळं कर्ज फेडलं, पण जे थकलं ते थकलं म्हणून लिहिलं गेलं. आणि मेहुण्याचं नाव? धुतल्या तांदळासारखं. नावाला डाग लागायला आधी ते कशावर तरी लागावं लागतं, आणि या पठ्ठ्यानं स्वतःच्या नावावर काही घेतलंच नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही अशी. फोन बंद झाला तेव्हापासून दोन वर्षं चिकटपट्टीनं मेहुण्याचं तोंड पाहिलं नव्हतं. बायको त्याच्याशी चोरून बोलायची, आणि चोरून बोलते हे चिकटपट्टीला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे बायकोला माहीत होतं. असं ते घर चाललं होतं.

"गोदामात टाकू या का सामान?" लांब्यानं विचारलं.

"गोदाम गच्च आहे. आणि सामान राहील, माणसं कुठे ठेवू? फडताळात?"

लॉजवर जायचं तर अनामत म्हणून बाजूला ठेवलेले पैसे लॉजवाल्याच्या घशात जाणार, आणि अनामत गेली की घर कायमचंच गेलं. म्हणजे जे काही करायचं ते ट्रक परत देण्याच्या आत. चिकटपट्टी खिडकीतून दोन्ही बाजूंच्या इमारती बघत होता. यातल्या कितीतरी जिन्यांवर त्यानं घाम गाळला होता. कुठल्या लिफ्टमध्ये फ्रिज बसतो आणि कुठल्या वळणावर सोफा अडतो, हे त्याला पाठ होतं. लोकांना घरात घालून घालून त्याचे खांदे उतरले होते, आणि आज त्याला बूड टेकायला जागा नव्हती. त्याला याचा राग आला, आणि राग नेमका कुणावर काढावा ते कळेना, म्हणून तो लांब्यावर ओरडला की गाडी काय झोपेत चालवतोस.

एजंटानं आणखी दोन पत्ते दिले. तो स्वतः आला नाही. उंटावरून शेळ्या हाकायची त्याला सवय होती. पहिल्या ठिकाणी एका चकचकीत ऑफिसात एका मुलीनं संगणकात त्याचं नाव टाकलं आणि तिचा चेहरा डॉक्टरसारखा झाला. "सर, सिस्टीम घेत नाहीये," ती म्हणाली. चिकटपट्टी म्हणाला, सिस्टीमला सांगा, सगळं फेडलंय. ती म्हणाली, फेडलंय ते दिसतंय सर, पण उशिरा फेडलंय तेही दिसतंय. तिचा तरी काय दोष. दुसऱ्या ठिकाणचा मालक दारातच भेटला, ट्रकभोवती एक चक्कर मारून आला, भरलेलं सामान बघून त्याला गरज किती आहे ते बरोबर कळलं, आणि त्यानं सगळ्या वर्षाचं भाडं एकदम मागितलं. नाक दाबलं की तोंड उघडतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. चिकटपट्टी ट्रकमध्ये चढला आणि त्यानं दार इतक्या जोरात ओढलं की मागे मासा दचकला.

"त्याला कशाला?" सासूबाई पहिल्यांदाच बोलल्या. "त्यानं काय केलंय?"

बायकोनं पाव आणि केळी काढली. चालत्या ट्रकमध्ये सगळ्यांनी खाल्ली, चिकटपट्टी सोडून. त्याचा एक पाय सारखा हलत होता. बायकोनं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा पाय थांबला, आणि हात काढला तसा पुन्हा हलायला लागला.

उन्हं कलायला लागली तेव्हा एका अरुंद गल्लीत त्याला पाटी दिसली. तळमजल्याची खिडकी, गजांना बांधलेला पुठ्ठा, त्यावर हातानं लिहिलेलं: भाड्याने देणे आहे, वर भेटा. गल्ली ओळखीची होती. कधीतरी इथे एक पियानो चढवला होता. "थांब," तो म्हणाला. लांब्यानं ब्रेक मारला आणि उरलेल्या पाण्यातलंही बरंच सासूबाईंच्या मांडीवर आलं.

वर राहणाऱ्या बाई पूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. ऑपरेशनच्या टेबलावर त्यांनी आयुष्यभर माणसं झोपवली होती, त्यामुळे समोरचा उलटून बोलेल ही अपेक्षाच त्यांना नव्हती. हळू आवाजात विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत डोळ्यांत बघत राहायच्या. त्यांनी तळमजला उघडून दाखवला: दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे धुण्याची मोरी. चिकटपट्टीनं खोल्या पाहिल्याच नाहीत. त्यानं दाराची चौकट पाहिली, कपाट आडवं जाईल की उभं, एवढंच. मग तो वर आला आणि बाई विचारायच्या आत त्यानं स्वतःच सांगून टाकलं की स्कोअर वाईट आहे. दिवसभर तेच ऐकून त्याला आता ते दुसऱ्याच्या तोंडून नको होतं.

"का वाईट आहे ते मला सांगू नका," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाकडे कारण असतं आणि ते खरंही असतं. मी एकटी आहे. हे भाडं म्हणजे माझं पेन्शन. तुम्हाला कुणीतरी जामीन राहायला हवा. पगारदार, आणि ज्याचं नाव स्वच्छ आहे असा. आज आणा, आज चावी देते."

"आणि नाही आणला तर?"

"मग मला वाईट वाटेल," बाई म्हणाल्या, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या.

चिकटपट्टी खाली आला. जामीन म्हणजे पुन्हा कुणाची तरी सही. सहीनं माणसाचं काय होतं ते त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? लांब्यानं ऐकलं मात्र आणि लगेच हात पुसत म्हणाला, "चल, मी करतो."

"गप."

"अरे, पगारदार आहे मी. नाव स्वच्छ आहे."

"म्हणूनच गप. तुझं घरकर्ज मंजूर व्हायचंय. उद्या माझी पाठ गेली, मी पडून राहिलो, तर बाई तुझ्या दारात येतील. मग तुझी बायको माझ्या नावानं खडे फोडेल, आणि बरोबर फोडेल."

लांब्यानं पाय आपटला, पण स्वतःच्या बायकोला तो ओळखत होता. गल्लीत ट्रकमागे एक गाडी येऊन हॉर्न वाजवू लागली. लांब्या ट्रक भिंतीला चिकटवायला गेला. चिकटपट्टी तसाच फुटपाथवर येरझाऱ्या घालत राहिला. तेवढ्यात केबिनचं दार उघडलं आणि सासूबाई बरणी सांभाळत, गुडघा धरत, एकेक पाऊल खाली उतरल्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "त्याला बोलवा."

"कुणाला?"

"उगाच वेड पांघरू नका. आता काचेच्या दुकानात कायम झालाय तो. पगार होतो महिन्याच्या महिन्याला. नाव स्वच्छ आहे."

"स्वच्छ राहणारच की! त्याच्या नावाची सगळी घाण माझ्या नावावर आहे ना," चिकटपट्टी म्हणाला, आणि आवाज इतका चढला की पलीकडच्या खिडकीत दोन डोकी आली. "दोन वर्षं, आई. दोन वर्षं मी लोकांची कपाटं वाहून त्याची गाडी फेडली. त्यात बसून मी एक आइस्क्रीमही खाल्लं नाही. आणि आता मी त्याच्या पाया पडू?"

सासूबाईंनी नजर खाली घातली नाही. "अडला हरी, गाढवाचे पाय धरी," त्या म्हणाल्या. "गाढव माझंच आहे. धरा."

हसू येण्यासारखी वेळ नव्हती, पण लांब्याला आलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं. चिकटपट्टी ट्रकच्या मागे गेला. दाराच्या फटीतून त्याला आपलं सामान दिसत होतं. सगळ्यात शेवटी भरलेली स्वयंपाकघराची खोकी सगळ्यात पुढे होती, म्हणजे नव्या घरात पहिल्यांदा चूल पेटेल. असंच भरायचं असतं. तो लोकांचं असंच भरायचा. बायको मागून आली आणि त्याच्या शेजारी उभी राहून तीही खोक्यांकडे बघायला लागली.

"अहो," ती म्हणाली, "राग धरून बसायचं तर बसा. पण बसायला आधी घर लागतं."

त्यानं मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. इतक्या वर्षांत नवऱ्याचं हो कसं दिसतं हे तिला कळलं होतं. तिनं फोन लावला.

मेहुणा सायकलवरून आला, अंगात दुकानाचा जाड एप्रन तसाच, हातांवर काच कापल्याच्या बारीक खुणा. पूर्वी तो गल्लीच्या तोंडापासून बोलत यायचा. आज त्यानं सायकल भिंतीला टेकवली, आईच्या पाया पडला, बहिणीकडे पाहिलं आणि चिकटपट्टीसमोर तीन हात अंतर ठेवून उभा राहिला. वाळला होता. चिकटपट्टीनं दोन वर्षं त्याला सुनवायला बरंच काही तयार ठेवलं होतं. "वर चल," एवढंच तो म्हणाला.

बाईंनी मेहुण्याची पगाराची पावती पाहिली, दोन ठिकाणी फोन केले आणि जामिनाचा कागद टेबलावर ठेवला. मेहुण्यानं तो वाचला. सावकाश वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. चिकटपट्टीनं त्या वेळी कर्जाचा कागद एकदाही वाचला नव्हता. खाली लांब्यानं हॉर्नवर हात ठेवला. वेळ संपत आली होती. मेहुण्यानं पेन उचललं, आणि ते कागदावर टेकवायच्या आत मान वर केली.

"भाऊजी, भाडं वेळेवर भराल ना?"

मागोमाग वर आलेल्या बायकोनं डोळे मिटले. जिना चढून नुकत्याच वर पोचलेल्या सासूबाई दारातच थांबल्या आणि त्यांनी बरणी छातीशी धरली. चिकटपट्टीचं रक्त उसळून कानांत आलं. याच्या तोंडून! ज्यानं आपल्याला रस्त्यावर आणलं तो आपल्यालाच विचारतोय? त्याच्या हाताची मूठ वळली होती.

"मला विचारायचा हक्क नाही, माहितेय," मेहुणा म्हणाला. "पण माझ्याकडे आता एवढंच धड आहे, भाऊजी. नाव. तेही माझ्या कर्तबगारीनं नाही राहिलेलं. म्हणून विचारतो."

"तू फक्त सही कर," चिकटपट्टी म्हणाला. "भाडं माझ्यावर सोड. महिन्याच्या महिन्याला भरीन."

आणि बोलता बोलता त्याची जीभ अडखळली. हे शब्द त्याचे नव्हते. हे त्यानं ऐकले होते, स्वतःच्याच स्वयंपाकघरात, चहाच्या कपावर. दोन वर्षं त्याची पक्की खात्री होती की मेहुणा तेव्हा धडधडीत खोटं बोलला, डोळ्यांत डोळे घालून फसवलं त्यानं. आता तेच शब्द त्याच्या तोंडातून निघाले होते आणि ते शंभर नंबरी खरे होते. तो भरणारच होता. त्याच्या पाठीत गेल्या महिन्यापासून कळ येत होती, आणि तरीही तो भरणारच होता. त्या वेळी मेहुणाही भरणारच होता. चिकटपट्टीला हे कळलं आणि त्याला अजिबात बरं वाटलं नाही. उलट भीती वाटली.

मेहुण्यानं सही केली. बाईंनी अनामत घेतली, चावी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या की मासा चालेल, कुत्रा चालणार नाही.

मग मात्र बोलायला कुणाला वेळ नव्हता. लांब्यानं ट्रकचं दार उघडलं आणि खोकी धडाधड खाली यायला लागली. बायकोनं मोरीत जाऊन पहिल्यांदा बरणी भरली. मेहुणा निघून गेला नाही. त्यानं एप्रन काढून सायकलवर टाकला आणि कुणी न सांगता मोठ्या कपाटाची एक बाजू धरली. दुसऱ्या बाजूला चिकटपट्टी होता. दोघांनी ते उचललं, दारापुढच्या पायऱ्या चढले, आणि कपाट चौकटीत शिरायला लागलं तेव्हा मेहुण्याचा हात बाहेरच्या कडेला होता, जिथे तो नेमका चिरडतो.

"बोटं सांभाळ," चिकटपट्टी म्हणाला.

दोन वर्षांत त्यानं मेहुण्याला प्रेमानं म्हटलेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही सवयीनं निघालं होतं. मेहुण्यानं बोटं आत घेतली. कपाट घासत आत गेलं आणि दोघं रिकाम्या खोलीच्या मधोमध ते पेलून उभे राहिले, धापा टाकत.

"भाऊजी," मेहुण्यानं विचारलं, "कुठे ठेवू?"

चिकटपट्टीनं तोंड उघडलं. आयुष्यभर हा प्रश्न त्यानं विचारला होता, हजार घरांत, आणि लोक पटकन सांगायचे, तिकडे, खिडकीखाली, नको नको, भिंतीला. आज तो त्याला विचारला गेला होता, आणि त्याला उत्तर माहीत नव्हतं. त्यानं या खोल्या पाहिल्याच नव्हत्या. हाताला रग लागली होती, बाहेर लांब्या घाई करत होता, आणि चिकटपट्टी कपाट धरून खोलीभर बघत राहिला, एकेक भिंत, खिडकी, खिडकीतून येणारं उरलंसुरलं ऊन.

"थांब जरा," तो म्हणाला. "बघू दे."